काचेवरचा पापुद्रा आणि सगळीकडे तीच २२ गिगाहर्ट्झची रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरकडच्या एक ताई आहेत, पीएचडीचं पहिलं वर्ष, मॉलिब्डेनम डायसल्फाइड या थराथरांच्या सेमीकंडक्टरचे पातळ फ्लेक म्हणजे पापुद्रे टेपनं सोलून काचेवर टाकलेत आणि त्यावर फेम्टोसेकंद लेसरनं पंप-प्रोब करतायत, म्हणजे पंप हा पल्स फ्लेकला ठोका देतो आणि थोड्या उशिरानं येणारा प्रोब पल्स पुढे काय झालं ते बघतो. पंप ४०० नॅनोमीटर, प्रोब ८००. फ्लेक तीन, जाडी १२, २५ आणि ७० नॅनोमीटर. दोघांमधला उशीर पाच-पाच पिकोसेकंदाच्या पावलानं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा) १५० पिकोसेकंदापर्यंत वाढवत स्कॅन घेतला तर तिन्हीकडे २२ गिगाहर्ट्झच्या म्हणजे सेकंदाला २२ अब्ज हेलकाव्यांच्या आसपासच कंपन दिसतं. त्या विचारतात, जाडी बदलली तरी फ्रिक्वेन्सी का बदलत नाही, काही चुकतंय का, आणि मुळात प्रकाशानं आवाज निघतोच कसा हे कोणी नीट सांगेल का.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो डोक्यात नीट बसला की बाकीचं आपोआप सुटतं. मी या कामात बरीच वर्षं घालवलीत आणि अजूनही नवीन सॅम्पल लावलं की पहिल्यांदा हेच चित्र डोळ्यासमोर आणतो.

मी भुसावळचा. लहानपणी स्टेशनावर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या खालून चाकं ठोकत जायचा, ठण ठण ठण असा. आम्हाला वाटायचं हा चाकं घट्ट करतोय. वडिलांनी सांगितलं की तो घट्ट काही करत नाही, तो ऐकतोय, चाक चांगलं असलं तर खणखणीत वाजतं आणि तडा असला, काही सैल असलं तर बद्द वाजतं. बाजारात मडकं घेताना आपली आई-आजी बोटानं टिचकी मारून बघते तेच हे. आता तुमच्या टेबलावर जे चाललंय ते अगदी हेच आहे, फक्त मडकं १२ नॅनोमीटर जाडीचं आहे, त्यामुळे टिचकी मारायला बोट चालत नाही आणि ऐकायला कान चालत नाही, दोन्ही कामं प्रकाशाकडून करून घ्यावी लागतात.

टिचकी कशी बसते ते बघा. पंपचा पल्स साधारण १०० फेम्टोसेकंदाचा. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश फ्लेकच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्येच बराचसा शोषला जातो. आधी इलेक्ट्रॉन तापतात, मग साधारण पिकोसेकंदाच्या हिशोबात ती ऊर्जा जाळीला म्हणजे अणूंना मिळते. आता वरचा भाग गरम झालाय, त्याला फुगायचंय, पण फुगायला अणूंना जागचं हलावं लागतं आणि ते आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं होऊ शकत नाही. थरांना आडवा छेद देऊन जाणारा आवाज या मटेरियलमध्ये सेकंदाला साधारण ३ किलोमीटर वेगानं जातो, म्हणजे पिकोसेकंदाला ३ नॅनोमीटर. ३० नॅनोमीटर पार करायला १० पिकोसेकंद. म्हणजे फुगायची ऑर्डर एका झटक्यात आली आणि प्रत्यक्ष फुगणं मागाहून होतंय, या मधल्या वेळात तो थर दाबलेल्या स्प्रिंगसारखा ताणात असतो आणि तो ताण सुटताना जी लाट खाली धावते तोच तुमचा आवाज. सेमीकंडक्टरमध्ये नुसती उष्णताच नाही, उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन स्वतःही बाँडवरचा जोर बदलतात आणि त्यानंही धक्का बसतो, पण ठोका जलद हवा ही अट दोन्हीकडे सारखीच. हळू तापवलं तर मडकं गरम होईल, वाजणार नाही.

किती हलतं म्हणाल तर ताण फार तर दहा हजारात एक भाग. ३० नॅनोमीटर जाडीच्या फ्लेकमध्ये म्हणजे ३ पिकोमीटर, एका अणूच्या रुंदीच्याही कितीतरी कमी. हे दिसतं कारण ताणामुळे मटेरियलचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि त्यामुळे परावर्तित प्रोबची तीव्रता लाखात एखाद्या भागानं वरखाली होते. तेवढं पकडायला पंप ठरावीक तालात चालू-बंद म्हणजे चॉप करून, त्याच तालाचा सिग्नल वेगळा काढणारा लॉक-इन लावायचा आणि सरासरी घेत बसायचं.

वेळ मोजायला घड्याळ नाहीच, रस्ता आहे. प्रोबला लांबचा रस्ता दिला की तो उशिरा पोचतो. प्रकाश पिकोसेकंदाला ०.३ मिलिमीटर जातो, डिले स्टेजवर म्हणजे सरकत्या आरशांवर तो जाऊन परत येतो म्हणून स्टेज ०.१५ मिलिमीटर सरकवली की एक पिकोसेकंद उशीर. मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे टाइम झिरो, दोन्ही पल्स एकाच क्षणी पोचतात ती स्टेजची जागा, शोधणं. आमच्याकडे एका प्रयोगात दोन्ही बीम ८०० चे होते. सॅम्पलच्या जागी बीबीओ क्रिस्टल (८०० च्या प्रकाशातून ४०० चा जांभळा प्रकाश बनवणारा स्फटिक) ठेवायचा, लाईट बंद, मागे पांढरा कागद. कागदावर दोन ठिपके, प्रत्येकाच्या आत मंद जांभळी झाक. स्टेज हळूहळू सरकवत न्यायची, काही नाही, काही नाही, आणि मग एका जागी त्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध तिसरा जांभळा ठिपका उमटतो, स्टेज केसभर पुढे नेली की गेला, मागे आणली की परत आला. दोन पल्स एकाच क्षणी एकाच जागी असले तरच तो ठिपका. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी अर्धा तास नुसता स्टेज मागेपुढे करत बसलो होतो. (जाता जाता एक गोष्ट सांगतोच, ८०० डोळ्याला अंधुक लाल दिसतो म्हणून तो कमजोर समजू नका, डोळ्याला दिसतो त्याच्या कितीतरी पट तो असतो. गॉगल लावा, हातातल्या बांगड्या-घड्याळ काढून ठेवा आणि टेबलाच्या उंचीवर डोळे आणू नका, कोणी कितीही घाई करो.)

ही पद्धत काही आजची नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात हम्फ्री मॅरिस आणि यान टॉक यांच्या ग्रुपनं आर्सेनिक टेल्युराइडच्या पातळ थरात अशी कंपनं दाखवली. हे टॉक म्हणजे तेच, एम.एस्सी.ला बँडगॅप काढायला आपण ज्यांच्या नावाचा प्लॉट काढतो ते. पुढे चिप बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये धातूच्या थराची जाडी मोजायला हेच तंत्र गेलं, वरून टिचकी, खालून प्रतिध्वनी, मधला वेळ मोजला की जाडी मिळाली. विहिरीत हाक मारून खोली ओळखावी तसं. आणि प्रकाश व आवाज एकमेकांशी कसे वागतात याचं एक मूळ काम तर आपल्याकडचंच आहे, सी. व्ही. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५ च्या सुमारास बंगळुरात बसून अल्ट्रासाउंडमधून जाणारा प्रकाश कसा विखुरतो याचं गणित मांडलं, ते आजही शिकवतात.

आता तुमच्या २२ कडे येतो.

फ्लेक मोकळा वाजत असेल तर लाट वर-खाली आपटत राहते आणि फ्रिक्वेन्सी निघते वेग भागिले दुप्पट जाडी. तुमचे आकडे घालून बघा. १२ नॅनोमीटरला साधारण १२५ गिगाहर्ट्झ यायला पाहिजे. २५ ला ६०. आणि ७० ला २१-२२. म्हणजे ७० च्या फ्लेकवर २२ दिसलं ते जाडीनं येणारं सुद्धा असू शकतं, पण १२ आणि २५ ला २२ दिसणं शक्यच नाही, तिथे दुसरंच कोणीतरी वाजतंय.

वाजतेय ती काच. लाट फ्लेकमधून खाली काचेत उतरली की ती काचेत एका चालत्या आरशासारखी पुढे जात राहते. तुमचा ८०० चा प्रोब फ्लेकमध्ये फारसा शोषला जात नाही, तो खाली जातो, या चालत्या आरशावरून थोडासा परत येतो आणि वरून परावर्तित झालेल्या प्रकाशाशी त्याचं इंटरफेरन्स होतं. आरसा पुढे चाललाय म्हणून कधी भर कधी वजाबाकी, असं वरखाली होत राहतं. याला ब्रिलुआँ कंपन म्हणतात. त्याची फ्रिक्वेन्सी म्हणजे दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले आवाजाचा वेग, भागिले तरंगलांबी. फ्यूज्ड सिलिकाला अपवर्तनांक १.४५, वेग सेकंदाला ५.९७ किलोमीटर, प्रोब ८०० नॅनोमीटर. करा गुणाकार, २१.६ येतं. यात फ्लेकच्या जाडीचा संबंधच नाही, म्हणून तिन्ही फ्लेकच्या फ्रिक्वेन्सीच्या ग्राफवर तीच रेघ. म्हणजे तुमचं मोजमाप चुकलेलं नाही, तुम्ही काचेचा आवाज अगदी बरोबर मोजलाय.

हे नक्की करायचे रस्ते सोपे आहेत. प्रोब तिरपा पाडा, बाहेर ४५ अंश ठेवला तर काचेच्या आत तो वाकून साधारण २९ अंशावर येतो आणि रेघ २१.६ वरून १९ च्या आसपास घसरायला हवी, फ्लेकची स्वतःची फ्रिक्वेन्सी मात्र कोनाला दाद देत नाही. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे काच बदला. सी-प्लेन नीलमच्या म्हणजे सफायरच्या तुकड्यावर फ्लेक टाका, तिथे आवाज सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर जातो आणि अपवर्तनांक १.७६, म्हणजे रेघ सरळ ४९ च्या आसपास उडी मारेल. ७० च्या फ्लेकचं कोडंही तिथेच सुटेल, काचेची रेघ ४९ ला गेली आणि २२ ला काही उरलं तर ते फ्लेकचं स्वतःचं.

पण मग फ्लेकचा स्वतःचा आवाज गेला कुठे? हा खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो विचारलेला नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

एक कारण साधं, तुमचं पाऊल मोठं आहे. ५ पिकोसेकंदाच्या पावलानं १०० गिगाहर्ट्झच्या वरचं काही धड दिसतच नाही. १२५ ची एक फेरी ८ पिकोसेकंदात संपते, त्यात तुमचे दीड बिंदू, म्हणजे ती रेघ खोटी होऊन ७५ ला दिसेल. तुमच्या १२ वाल्या ग्राफमध्ये ७५ च्या आसपास छोटासा उंचवटा असला तर तो नॉइज समजून टाकून देऊ नका, आधी पाऊल १ पिकोसेकंद करून बघा आणि तो १२५ ला सरकतो का तपासा. दुसरं, १५० पिकोसेकंदाच्या स्कॅनमध्ये दोन रेघा ७ गिगाहर्ट्झपेक्षा जवळ असल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत. फाइलच्या शेवटी शून्यं जोडून ग्राफ गुळगुळीत होतो पण माहिती वाढत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. स्कॅन ५०० पर्यंत न्या.

पण २५ च्या फ्लेकला ६० दिसायला तुमचं पाऊलही पुरेसं होतं, तरी दिसलं नाही. त्याचं कारण मला वाटतं जोडात आहे. आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना किती परत फिरतो हे घनता गुणिले वेग या आकड्यावर ठरतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला घनता ५.०६ आणि वेग ३, म्हणजे साधारण १५. काचेला २.२ गुणिले ५.९७, साधारण १३. दोन्ही जवळजवळ सारखे! म्हणजे फ्लेक काचेला घट्ट चिकटलेला असेल तर लाट खालच्या कडेवर पोचल्यावर जेमतेम ७ टक्के परत येते, बाकी सगळी काचेत निघून जाते. एकदाच वर-खाली, संपलं. मडकं मातीत पुरून टिचकी मारल्यासारखं. आणि तुमच्याकडे काचेतली लाट एवढी ठळक दिसते याचाच अर्थ आवाज खाली छान उतरतोय. उलट फ्लेक नुसता टेकलेला असेल, मध्ये पाण्याचा थर, टेपचा गोंद, हवेचा फुगा असेल, तर आवाजाला खाली जायला वाटच नाही आणि तो फ्लेक बराच वेळ खणखणीत वाजत राहतो.

चाक ठोकणाऱ्या माणसाच्या हिशोबाच्या हे बरोबर उलटं आहे बघा. तिथे खणखणीत म्हणजे चांगलं. इथे खणखणीत म्हणजे जोड सैल.

मला हे कळलं एका फ्लेकवर. मोठा, सपाट, मायक्रोस्कोपखाली एकसारखा रंग, साधारण ३० नॅनोमीटर. एका बिंदूवर कंपन दोन हेलकाव्यात मेलं. स्पॉट पाच-सात मायक्रॉन बाजूला नेला आणि तिथे तोच फ्लेक ५० गिगाहर्ट्झला ३०० पिकोसेकंद वाजत राहिला. मला वाटलं लेसर डळमळला, अलाइनमेंट परत केलं, परत तेच. दोन दिवस तपासल्यावर सॅम्पल काढून मायक्रोस्कोपखाली मोठ्या लेन्सनं, दिवा तिरपा करून बघितलं, तर त्या जागी अगदी पुसट असं रंगाचं कडं होतं, पापडावर फोड येते तसा एक फुगा, खाली हवा अडकलेली. मग त्याच फ्लेकवर एकेक मायक्रॉन सरकत पूर्ण नकाशा काढला, कुठे किती वेळ वाजतं त्याचा. साध्या मायक्रोस्कोपला सपाट दिसणारा तो फ्लेक खालून कुठे चिकटलाय आणि कुठे नाही हे सगळं त्या नकाशात उमटलं. त्या दिवसापासून मी फ्रिक्वेन्सीच्या आधी कंपन किती वेळात मरतं तो आकडा बघतो. फ्रिक्वेन्सी जाडी सांगते, आणि जाडी तर एएफएमनंही, म्हणजे बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपनंही, मिळते. जोड कसा आहे हे सांगणाऱ्या पद्धती फार थोड्या आहेत. एकावर एक वेगवेगळे थर रचून डिव्हाइस बनवणारी मंडळी आज ज्या गोष्टीसाठी अडून बसलीत ती हीच आहे, कारण उष्णता त्या जोडातूनच बाहेर जाते.

थरांच्या मटेरियलमध्येच हे एवढं का, तर यांची रचनाच तशी. पापडांची चवड डोळ्यासमोर आणा. एकेक पापड आपल्या जागी कडक, पण दोन पापडांमध्ये धरून ठेवणारं फारसं काही नाही. ग्राफाइटमध्ये थराच्या आत आवाज सेकंदाला २१ किलोमीटरच्या पुढे धावतो आणि थरांना आडवा ४ किलोमीटर, एकाच क्रिस्टलमध्ये पाचपट फरक. म्हणूनच टेपनं सोलता येतं. आणि सोलत सोलत दोन-चार थरांवर आलात की आवाजाची लाट वगैरे भाषा संपते, तिथे थर अख्खेच्या अख्खे एकमेकांवर घसरतात किंवा जवळ-लांब होतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन थरांत घसरण्याचं कंपन रामन स्पेक्ट्रममध्ये २३ वेव्हनंबरच्या आसपास आणि जवळ-लांब होण्याचं ४० च्या आसपास येतं. ३३ वेव्हनंबर म्हणजे एक टेराहर्ट्झ, म्हणजे घसरण्याची एक फेरी दीड पिकोसेकंदात. एकाच थराला यातलं काहीच नसतं, घसरायला दुसरा लागतोच. तिकडे जायचं असेल तर पाऊल ५० फेम्टोसेकंदाचं लागेल आणि सिग्नल अजून बारीक होईल, म्हणून पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका, २०-३० नॅनोमीटरवर हात बसू द्या.

पंपची पॉवर किती ठेवली ते तुम्ही लिहिलं नाहीये. ८० मेगाहर्ट्झचा लेसर आणि १० मिलिवॅट पंप म्हणजे एका पल्समध्ये ०.१२५ नॅनोज्यूल, ऐकायला काहीच नाही, पण ५ मायक्रॉन त्रिज्येच्या स्पॉटवर तो चौरस सेंटिमीटरला १६० मायक्रोज्यूल होतो. शिवाय दर १२.५ नॅनोसेकंदांनी पुढचा ठोका येतोच, सुटा पडलेला फ्लेक ती उष्णता खाली देऊ शकत नाही आणि साठवत बसतो. सिग्नल मोठा दिसतो म्हणून पॉवर वाढवत नेली आणि सकाळी सॅम्पलला भोक, हे होतं. पॉवर अर्धी करून बघा, कंपन बरोबर अर्धं झालं आणि फ्रिक्वेन्सी हलली नाही तर तुम्ही सुरक्षित आहात. आणि उन्हाळ्यात तिकडे मेमध्ये ४५ च्या पुढे पारा जातो, एसी बंद-चालू होत असेल तर बीम सरकतो आणि लांब स्कॅनमध्ये पार्श्वभूमी वाहवत जाते. मी लांब स्कॅन रात्री लावायचो आणि प्रत्येक फेरीची फाइल वेगळी ठेवायचो, सरासरी नंतर, आधीच एकत्र करून टाकली तर बिघडलेली फेरी शोधता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या महिन्यात एवढंच केलं असतं. सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर, त्यात दहा-पंधरा मायक्रॉनचे खड्डे कोरलेले तुकडे मिळतात, त्यावर २५ चा एकच फ्लेक असा टाकायचा की अर्धा खड्ड्यावर अधांतरी आणि अर्धा टेकलेला. अधांतरी भागावर पंप निम्म्याहून कमी. १ पिकोसेकंदाचं पाऊल, ५०० पर्यंत स्कॅन. खड्ड्यावर तो ६० ला मोकळा वाजेल, तिथून वेग पक्का मिळेल कारण जाडी तुम्ही मोजलेली आहे. मग टेकलेल्या भागावर त्याच फ्रिक्वेन्सीला काय उरतं आणि किती वेळात मरतं ते बघायचं. मग तोच तुकडा व्हॅक्यूममध्ये गरम करून परत मोजायचा, अडकलेलं पाणी-बिणी निघून जोड घट्ट झाला तर टेकलेल्या भागातलं कंपन अजून लवकर मरेल आणि अधांतरी भागात काही फरक पडणार नाही. एका फ्लेकवर, एका टेबलावर, आधीचं आणि नंतरचं दोन्ही हातात.

नीलम मिळायला वेळ लागत असेल तर तोवर प्रोबचा कोन बदलून बघा, त्याला खर्च काही नाही, एक आरसा हलवायचाय. १९ ला सरकली रेघ की इथेच लिहा, १२ वाल्या फ्लेकचा १ पिकोसेकंदाच्या पावलाचा कच्चा डेटा सोबत टाका, पार्श्वभूमी वजा न करता, मी बघतो.